आबा कुणाला सांगत होते?

नेरूळ, नवी मुंबई
रविवार, संध्याकाळ

चि. सोनू,

आबांची लढाईच्या आठवणींची वही तीनदा वाचली. खाडीच्या दमट हवेनं पानं एकमेकांना चिकटतात, म्हणून मध्ये मध्ये टिपकागद घालून ठेवलेत. ते काढू नकोस.

तू विचारलंस, "आत्या, हे सगळं खरं असेल का गं?" प्रकाशकांना ही आबा आणि त्यांना लपवणाऱ्या इटलीतल्या बाईची प्रेमकथा म्हणून छापायची आहे आणि तुला माझा होकार हवा आहे. मी आबांची मुलगी, तशीच जिजीचीही. लढाईवर गेले तेव्हा आबांचं लग्न झालेलं होतं आणि अख्ख्या वहीत जिजीचं नाव नाही. पहिल्या रात्री वाटलं, हे खोटंच असू दे. पण मला वाटून काय होतं? सकाळी पेन्सिल घेऊन बसले.

पुष्कळसं जुळतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण १९४१ साली केरेनच्या डोंगरात लढली आणि २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. आबांनी हेच लिहिलंय. पुढे इटलीत अवेझ्झानोची ९१ नंबरची छावणी. तिथे हिंदी कैदीच ठेवलेले असत. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली, पहारे ढिले पडले आणि हजारो कैदी डोंगरांत पांगले. गावोगावच्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यांत, माळ्यांवर लपवलं. जर्मनांच्या हाती लागलं तर घरदार जाळतील हे माहीत असूनही. आबा म्हणतात तसंच.

एक गोष्ट मात्र मुळीच जुळत नाही. आबा लिहितात, १९४३ च्या उन्हाळ्यात सुभाषबाबू छावणीत आले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले. सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३ मध्येच कीलहून पाणबुडीत बसून निघाले होते. जुलैत ते सिंगापूरला होते. मग आबा खोटं बोलले का? मी बराच वेळ यावर अडून बसले. मग आठवलं, लहानपणी ओट्यावर बसलेला प्रत्येक पाहुणा आबांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, "नेताजींना बघितलंत का हो?" आधी आबा नाही म्हणायचे. पुढे म्हणायला लागले, "लांबून बघितलं." वहीत खांद्यावर हात आलाय. ते पान आबांनी एकट्यानं लिहिलेलं नाही, अख्ख्या ओट्यानं लिहिलंय.

तेव्हापासून मी प्रत्येक पानाला एकच विचारते. हे सांगताना समोर कोण बसलं होतं?

स्लावोमिर राविचचं पुस्तक तू वाचलं आहेस. सैबेरियाच्या छावणीतून पळून हिमालय ओलांडून हिंदुस्थानात पोहोचलेला पोलिश कैदी. १९५६ साली ते आलं, जगभर वाचलं गेलं. पन्नास वर्षांनी कागद सापडले, त्यांत सोव्हिएत सरकारनं त्याला १९४२ साली माफी देऊन सोडल्याची नोंद होती. त्याची हकिगत लिहून घेणारा रोनाल्ड डाउनिंग मूळचा हिममानवाच्या शोधात निघालेला बातमीदार. पुस्तकात हिममानव आहेच. दुसरा हर्मन रोझेनब्लाट. बुखेनवाल्डच्या श्लीबेन इथल्या उपछावणीत कुंपणापलीकडून एक मुलगी रोज सफरचंद टाकायची आणि पुढे अमेरिकेत तिच्याशीच लग्न झालं, असं तो सांगायचा. ऑप्रा विनफ्रीच्या कार्यक्रमात दोनदा सांगितलं. त्या छावणीचं कुंपण असं होतं की तिथे कुणाला पोहोचताच येणार नाही, आणि ती मुलगी तेव्हा शेकडो किलोमीटर दूर लपलेली होती. अभ्यासकांनी हे दाखवून दिल्यावर डिसेंबर २००८ मध्ये प्रकाशकानं पुस्तक छापायचं रद्द केलं. मला वाईट वाटतं ते याचं, की तो माणूस खरोखर छावणीत होता. त्याच्या भावांनी आपल्या वाट्याची भाकरी देऊन त्याला जगवलं होतं. ते प्रेम खरं होतं. ऐकणाऱ्यांना सफरचंद हवं होतं, म्हणून भावांची भाकरी मागे पडली.

आणि खोटं न लिहिताही खोटं होता येतं. गिर्यारोहक हाइनरिख हारर आपल्या अहमदनगरला, देवळालीला कैदेत होता. मग देहरादून, तिथून २९ एप्रिल १९४४ ला पळाला आणि तिबेटात गेला. चालला तो खराच. पण १९३८ साली नाझींच्या एसएस संघटनेत शिरल्याचं त्यानं लपवलं, ते १९९७ साली उघड झालं. मागे ठेवलेली बायको आणि तिच्या पोटातलं मूल यांनाही त्याच्या तिबेटवरच्या पुस्तकात जवळजवळ जागा नाही. हे वाचताना मला जिजी दिसत होती. रेड क्रॉसचं कार्ड आलं की ते गुरुजींकडून दोनदा वाचून घेणारी, आणि घरी येऊन देवघराच्या फळीवर उलटं ठेवणारी.

आता त्या बाईची पानं. अकरा आहेत. कुणी कधी त्याबद्दल आबांना विचारलं नव्हतं, आबा कधी बोलले नव्हते. तिथे बंदूक नाही, शौर्य नाही, "प्रेम" हा शब्दसुद्धा नाही. ती गोठ्यात शेळ्यांच्या मागे चारा रचून त्यांना झोपवायची. दुसऱ्या महिन्यात ती रागावली होती, का ते त्यांना कळलं नाही. निघताना तिनं दार उघडलं नाही. वाचणाऱ्यासाठी लिहिलं असतं तर तिनं दार उघडलं असतं आणि रडली असती. आणखी एक. आबा लिहितात, त्या घरी मक्याच्या कण्या शिजवून थेट पाटावर ओतायचे आणि सगळे भोवती बसून आपापल्या बाजूनं खात मध्यापर्यंत यायचे. अब्रुत्सोच्या डोंगरात पोलेंटा असाच खातात. आबांना पोलेंटा हा शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी आपल्या चुलीवरचा शब्द वापरला.

सोनू, मी हे पान वाचून वही मिटली. कारण थंडीत जिजी असंच करायची. मोठ्या पाटावर मक्याच्या कण्या ओतायची, मधोमध तूप, आणि आम्ही चौघं भावंडं भोवती. चुलत्या हसायच्या, "ही कुठली गं तुमची रीत?" जिजी म्हणायची, "ह्यांना आवडतं." मला वाटायचं, तिच्या माहेरची असेल.

म्हणून माझं म्हणणं असं. सुभाषबाबूंचं पान काढू नकोस, त्याखाली तारखा स्वच्छ लिही आणि ओट्यावरचा प्रश्नही लिही. बेळगावच्या मराठा सेंटरला आणि जिनिव्हाला रेड क्रॉसकडे आबांचा नंबर देऊन कैदेची नोंद मागव. ती अकरा पानं एक अक्षर न बदलता जाऊ देत. मुखपृष्ठावर कुंपण आणि मुलगी नको, हे प्रकाशकांना माझ्या नावानं सांग. आणि जिजीचं पान मी लिहीन. ते आबांच्या वहीत घुसवू नकोस, वेगळं छाप.

पाट माझ्याकडेच आहे, माळ्यावर. खाली काढून पुसून ठेवलाय. शनिवारी येशील तेव्हा मक्याच्या कण्या घेऊन ये. इथे सेक्टरच्या दुकानात जाड मिळत नाहीत.

तुझी,
आत्या