तिसरी दांडी

जुनी जीप घ्यावयाचे एकदा मनाने घेतले की माणूस स्वतःशीच खोटे दस्तऐवज करू लागतो. राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना डोंगराच्या कुशीत आमचे थोडे वडिलार्जित रान आहे. तेथवर नेणारी अखेरची दोन मैलांची वाट उन्हाळ्यात जांभ्या दगडांची आणि आषाढात निव्वळ तांबड्या राडीची असते, आणि चारी चाकांना ओढ देणाऱ्या वाहनावाचून तेथे निभाव लागत नाही, हे खरेच. परंतु या खऱ्या कारणाच्या आडून मी कोल्हापुरात जी गाडी पाहावयास गेलो, ती नेमकी महिंद्रांची उंच बॉनेटची जुनी सीजे-थ्रीबी असावी, हा योगायोग होता असे मी शपथेवर सांगितले असते, तरी कोणत्याही मामलेदाराने ती जबानी ग्राह्य धरली नसती.

त्या गाडीचा चेहरा मुळात एका अडचणीतून निपजलेला आहे. 1953 च्या सुमारास अमेरिकेतील विलीज कंपनीने आपल्या जीपसाठी ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन योजिले. ते पूर्वीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेटच वर उचलणे भाग पडले. प्रथमदर्शनी बेढब वाटणारे ते कपाळ पुढे महिंद्रांनी परवान्याखाली इतकी वर्षे घडविले, की आपल्याकडे कित्येकांच्या मनात जीप म्हणजे तेच कपाळ.

माझे वडील जंगलखात्यात होते. त्यांच्या सरकारी जीपमध्ये गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन आखूड दांड्या असत: एक पुढल्या आसाला जोर देणारी, दुसरी गती उतरवून ताकद वाढविणारी, आणि पहिली टाकल्यावाचून दुसरी पडत नसे. चढणीच्या पायथ्याशी वडील गाडी थांबवीत, पहिली स्वतः टाकीत आणि मान मागे वळवून मला म्हणत, ‘टाक.’ मागच्या आडव्या बाकावरून पुढे वाकून ती तिसरी दांडी टाकताना पेट्रोलचा जो उग्र, किंचित गोडसर दरवळ नाकात भरे, तो मी पुष्कळ वर्षे वडिलांचाच वास समजत होतो. त्या गाडीची टाकी चालकाच्या बैठकीखालीच असते, हे फार उशिरा कळले.

कोल्हापुरातल्या त्या गाडीचे बॉनेट बरोबर नेलेल्या मिस्त्रींनी उघडले, तेव्हा आत हरिकेन नव्हते. कोणा पूर्वीच्या मालकाने काटकसर म्हणून केव्हाच डिझेल इंजिन बसविले होते, आणि आरसी पुस्तकातील इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ मात्र सुखाने नांदत होते. खाली वाकून त्यांनी चेसिसवर पाना ठोकला. निरोगी पोलाद खणखणते. येथे ओल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला, आणि त्यांच्या तळहातावर तपकिरी पापुद्रे पडले.

‘पत्रा नवा मारता येतोय सायेब,’ ते म्हणाले, ‘पण चेसिसच कुजली तर मारायचा कशावर?’

खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षे, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण; जिचे इंजिनच दप्तराशी जुळत नाही, ती घेऊन निरीक्षकापुढे कोणती कैफियत मांडावयाची? इतके कळूनही मी चालकाच्या बैठकीवर जाऊन बसलोच. तिन्ही दांड्या जागच्या जागी होत्या. वास मात्र एस्टीच्या डेपोतला होता.

तेव्हा कोठे आठवले, की वडिलांना त्या गाडीचा मुळीच लळा नव्हता. निवृत्त होताच फंडाच्या पैशांतून त्यांनी जुनी फियाट घेतली, आणि पुढे जीपचा विषय निघाला की उत्तरादाखल ते नुसता कमरेला हात लावीत. जिव्हाळा होता तो मागच्या बाकावरच्या मुलाचा, ज्याने कधी पेट्रोलचे पैसे चुकते केले नव्हते की भर पावसात चाक बदलले नव्हते.

पलीकडे एक जिप्सी उभी होती: 1298 सीसीची, कागद स्वच्छ, चेसिस खणखणीत, आणि पुढे-मागे पाटेच असल्यामुळे कमरेच्या बाबतीत जीपची सख्खी बहीण. तिला गिअरशेजारी एकच आखूड दांडी. दोन्ही कामे तीच करते. मी इसार दिला, 29 आणि 30 क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या, आणि जीपकडे न पाहता बाहेर पडण्याची पुरेपूर दक्षता घेतली.

मृगाचा पाऊस दोन दिवस कोसळून गेल्यावर प्रथमच रानाकडे निघालो. चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबविली, त्या एकुलत्या दांडीवर हात ठेवला, आणि नकळत मान मागे वळली. बाकावर युरियाची दोन पोती होती. त्यांतले एक वाटेतल्या हादऱ्यांनी कलंडले होते. उतरून ते नीट लावले, मग दांडी टाकली.