ठाकूरद्वार ते चोरबाजार

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पूर्वेस निघून, सी. पी. टँक व गोल देऊळ मागें टाकीत चोरबाजार गांठण्यास माझ्यासारख्या वृद्धास अर्धा तास पुरतो. गेल्या महिन्यांत नातवाच्या हट्टाखातर गेलों. मटन स्ट्रीटवर पितळी समया, ग्रामोफोनचे कर्णे आणि चित्रपटांचीं भित्तिपत्रकें यांच्या आड जुन्या तबकड्यांच्या राशी असतात. नातवास हवी होती मुंबईच्याच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन’. ती मिळाली नाहीं. माझ्या हातीं मात्र ‘सिमला बीट ७१’ आली.

सिगारेटच्या प्रचारार्थ भरविलेल्या स्पर्धेंतील तरुण वाद्यवृंदांची ही तबकडी. विजेच्या गिटारींचा नुसता कल्लोळ! हीच माझे थोरले बंधु कै. दादा यांनीं एकदां घरीं आणली होती. शब्दरूपें पाठ करणाऱ्या मला तो गोंगाट असह्य झाला, आणि वडिलांकडे चहाडी मींच केली. तबकडी रद्दींत गेली. दादा मला त्याविषयीं कधींच बोलले नाहींत.

विक्रेत्यानें सांगितलेली किंमत मीं निमूटपणें मोजली. नातू पाहतच राहिला.

घरीं त्यानें सुई टेकविली. खरखर पुष्कळ होती. सूर मला अजूनही कर्कशच वाटले. पहिली बाजू संपतांच दुसरी लावावयास मींच सांगितलें.