गिऱ्हाईक कोण?

आमच्या धाकट्या सुनेच्या हातीं क्रोशाची कला आहे. गेल्या वर्षीं तिनें स्त्रीधन मोडून सूत व लोकर आणिली. पेटी भरली, रिकामी मात्र होईना. धाराशिवच्या उन्हांत लोकरीचा स्वेटर घेणार कोण? शेजारच्या भगिनी रुमाल वाखाणीत आणि "हें आम्हांलाहि येतें" असें म्हणून उठत. तिचें तोंड उतरे.

आम्हांस तर त्या उद्गारांतच उत्तर दिसलें. जिला विणतां येतें तिला वस्तु कशास हवी? तिला टांके मोजून लिहिलेला नमुना द्यावा. वस्तु न विणणारीस विकावी. आयर्लंडांत १८४५ सालीं बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हां क्रोशाच्या लेसीवर कित्येक घरें तगलीं. पण ती लेस ल्यायच्या दूरच्या धनिक स्त्रिया.

हल्लीं ती देवघरांतल्या बाळकृष्णांचीं सुती अंगडीं-टोपडीं विणते. त्यांस ऋतूचें बंधन नाहीं, आणि मूर्तिगणिक माप निराळें. सोलापूरचें एक टोपडें मात्र तिसऱ्यांदा उसवलें आहे. रांगत्या मूर्तीची मान वर, त्यामुळें तें मागें घसरतें.