रक्कम लहान, मुदत मोठी

माझी आई पोस्टाच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट होती. पगाराच्या आठवड्यात गल्लीतल्या घरांमध्ये जाऊन ती आरडीचे पैसे गोळा करायची, कार्डावर नोंद करायची आणि पोस्टात भरून यायची. अशा घरात वाढल्यावर लहान रक्कम पोस्टात ठेवायची, फार तर बँकेत, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शेअर बाजार हा गमावून चालेल इतका पैसा असणाऱ्यांसाठी, अशी माझी ठाम समजूत होती. ती मी पुढे धाकट्यांनाही सांगत आले. आता तसं सांगत नाही. मत का बदललं आणि किती बदललं, ते मांडावंसं वाटतं.

आईच्या काळात ते मत अगदी रास्त होतं. १९८८ मध्ये किसान विकास पत्र आलं, तेव्हा त्यात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत बारा टक्के व्याज होतं. महागाईही होतीच, पण सरकारी हमीने बारा टक्के मिळत असताना एखाद्या गृहिणीने बाजाराकडे कशाला पाहावं? आईने शेजारणींना दिलेला सल्ला त्या दरांवर उभा होता. पुढे दर उतरत गेले. पीपीएफ २०२० च्या एप्रिलपासून ७.१ टक्क्यांवर आहे. २०२३ मध्ये किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागू लागले, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. मोठ्या बँकांच्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास मिळतं आणि रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच चार टक्के आहे. खात्यात नुसते पडून राहिलेले पैसे दरवर्षी थोडे झिजतात. हे सगळं वर्तमानपत्रात येत होतं, मी वाचतही होते. तरी सल्ला मात्र जुनाच देत होते.

भाची पुण्यात पहिल्या नोकरीला लागली, तेव्हा तिने विचारलं, "मावशी, महिन्याला पाच हजार उरतायत. आरडी काढू की एसआयपी करू?" उत्तर तोंडावर होतं. पण ती हिशेबाला पक्की आहे, नुसतं 'आरडी काढ' म्हणून भागणार नव्हतं. म्हणून कागद घेऊन बसले.

एका वर्षात ती साठ हजार भरणार. आरडीला साडेसहा टक्के धरले, तर व्याज एकवीसशेच्या आसपास. म्युच्युअल फंडात दहा टक्के मिळाले असं मानलं, तरी वर्षाअखेरचा फरक जेमतेम अकराशे रुपयांचा. एवढ्यासाठी पहिल्याच वर्षी जोखीम घ्यायची गरज नाही, माझंच म्हणणं खरं निघालं असं वाटलं. मग तोच हिशेब पंचवीस वर्षांचा केला. भरणा पंधरा लाख. सात टक्क्यांनी त्याचे चाळीस लाखांच्या आसपास होतात, दहा टक्क्यांनी सासष्ट लाखांच्या आसपास. दहा टक्क्यांची हमी कुणी देत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. तरीही सव्वीस लाखांची तफावत 'आपली रक्कम लहान आहे' म्हणून सोडून द्यावी, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

त्या कागदाने माझा प्रश्नच बदलला. इतकी वर्षं मी रक्कम किती हे पाहत होते. पाहायचं होतं ते पैसे कधी लागणार.

याचा अर्थ मी आता सगळं बाजारात घाला असं म्हणू लागले आहे, असा नाही. २०२० चं उदाहरण घ्या. २३ मार्चला एका दिवसात सेन्सेक्स तेरा टक्क्यांहून जास्त कोसळला. जानेवारीत बारा हजारांच्या वर असलेला निफ्टी साडेसात हजारांपर्यंत खाली आला. नोव्हेंबरपर्यंत तो जुन्या पातळीवर परतलाही. पण ज्याची नोकरी एप्रिलमध्ये गेली आणि ज्याच्याकडे घरभाड्यापुरतेही पैसे वेगळे नव्हते, त्याला पडत्या भावातच विकावं लागणार. बँकेत चार-सहा महिन्यांचा खर्च असलेला माणूस थांबू शकतो. बाजारात टिकायची ताकद बचतच देते, असं मला वाटतं, आणि आईच्या कार्डांचं मोल मला या बाजूने नव्याने कळलं.

शिवाय दर वेळी बाजार आठ महिन्यांत सावरत नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्सने एकवीस हजार ओलांडले होते. तिथे परत पोहोचायला २०१० ची दिवाळी उजाडली आणि ती पातळी खऱ्या अर्थाने मागे टाकायला २०१३ संपत आलं. जपानच्या निक्केईला १९८९ चा उच्चांक मोडायला २०२४ उजाडावं लागलं. म्हणून पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, बहिणीच्या लग्नाचा असो की पुढच्या शिक्षणाचा, बाजारात नको, या मतावर मी आजही कायम आहे.

भाचीने आधी वर्षभराची आरडी काढली. तिचा महिन्याचा खर्च पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आरडी पूर्ण झाल्यावर चार महिन्यांची सोय झाली. ती रक्कम तिने मुदत ठेवीत ठेवली आहे. बँक सहकारी असो वा सरकारी, एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमा असतो, हेही तिला सांगून ठेवलं. त्यानंतरचे पाच हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅनमध्ये जातात, म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन वाचतं. आईने कमिशनवर घर चालवलं, त्यामुळे हे लिहिताना मन थोडं जड होतं. पण आई पावसापाण्यात दारोदार फिरून त्याचा मोबदला घेत होती. मोबाइलवर स्वतः सुरू केलेल्या एसआयपीसाठी वर्षानुवर्षं कुणाला तो देत राहायचं कारण मला दिसत नाही.

एका गोष्टीला मात्र तिला स्पष्ट मनाई केली आहे: फ्युचर्स आणि ऑप्शन्स. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तीन वर्षांत तिथे उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. बाजाराबद्दलची आपल्या घरांमधली जुनी भीती तिथे लागू करा, अगदी पूर्ण.

तुमच्या घरातही कुणी नुकतं कमवायला लागलं असेल, तर 'बाजार म्हणजे जुगार' असं म्हणून विषय संपवू नका आणि 'पैसा झोपू देऊ नकोस' म्हणून घाईही करू नका. एक संध्याकाळ त्या मुलाबरोबर कागद घेऊन बसा, दर महिन्याचा खर्च लिहा, पुढच्या पाच वर्षांत कशाला किती लागेल ते लिहा, आणि उरलेल्या रकमेचा पंचवीस वर्षांचा हिशेब त्याला स्वतःला करू द्या.