माइक कुणाच्या हातात

चर्चचा इतिहास शिकवतो असं सांगितलं की दादर-गिरगावकडचा माणूस आवाज जरा खाली आणून विचारतो, "हल्ली तुमचे लोक फार वाढलेत म्हणे?" आमच्याच मंडळीतल्या वडीलजनांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो ते कपाळाला आठ्या घालून विचारतात: "या टाळ्यावाल्यांचं काय करायचं हो?" दोघांचाही रोख एकाच गोष्टीकडे असतो. परळ, लालबाग, वरळी, भायखळा इथल्या चाळींतून आणि भाड्याच्या हॉलमधून भरणाऱ्या फेलोशिप, उपवास-प्रार्थना, आणि भिंतीवर चिकटवलेली संजीवन (रिव्हायव्हल) सभेची पोस्टरं.

आकडे आधी उरकून टाकू. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती 10,58,313 होते, 2011 मध्ये 10,80,073. दहा वर्षांत बावीस हजारांचीही भर नाही. लोकसंख्येतलं प्रमाण तर 1.09 टक्क्यांवरून 0.96 वर आलं. यात एक मेख आहे, हे मान्य. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. त्यामुळे रविवारी प्रार्थनेला जाणारं एखादं घर सरकारी कागदावर धर्माचा रकाना कसा भरतं, हे ज्याचं त्याने ओळखावं. पण फेलोशिपवाल्यांचे आकडेही जपूनच घ्यावेत. तिथे टाळ्या वाजवणारे पुष्कळजण मुळात आमच्याच बाकांवरचे असतात. सकाळी चर्चमध्ये उपासना, संध्याकाळी फेलोशिपमध्ये आराधना. दोन्हीकडच्या वहीत नाव. जुन्या चर्चमधलं नाव कुणी सहसा काढत नाही, कारण लग्नाची नोंद आणि शिवडीच्या दफनभूमीतली जागा यांची सोय तिकडून होते. जगायला फेलोशिप, मरायला चर्च!

तेव्हा डोकी मोजून संजीवन कळत नाही. माझी कसोटी साधी आहे. सभेत तोंड उघडायचा अधिकार कालपर्यंत ज्याला नव्हता, त्याला तो मिळाला का? मुंबईचा दोनशे वर्षांचा इतिहास मी या एका प्रश्नाने वाचतो.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. शाळा काढल्या, छापखाना घातला, पण बाप्तिस्मा घेणारे बरीच वर्षं बोटांवर मोजण्याइतके. 1829 मध्ये आलेल्या मिशनरी जॉन विल्सनसाहेबांचा काळ म्हणजे वादविवादांचा काळ. 1839 मध्ये त्यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि शहरात हलकल्लोळ माजला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. 1857 मध्ये गिरगावच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर सामने झडले. तो वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने पुस्तकरूपाने छापला. हे सगळं मोठं रंजक आहे, पण बोलणारे कोण? साहेब, शास्त्री, बुवा. सगळे पढीक पुरुष.

1871 च्या अखेरीस विल्यम टेलर नावाचा मेथॉडिस्ट जागृतीवाला आला. त्याने लोकांना घराघरांत जमवून छोट्या टोळ्या बांधल्या आणि प्रत्येकाला आपला अनुभव स्वतःच्या तोंडाने सांगायला लावलं. बहुतेक इंग्रजी बोलणारी, रेल्वेत-कचेरीत नोकरी करणारी माणसं. आज परळच्या खोलीत जी कॉटेज मीटिंग भरते, तिचं कूळ मी इथवर नेतो. पुढे 19 सप्टेंबर 1882 ला मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मीचा) फ्रेडरिक टकर तिघा साथीदारांसह बंदरावर उतरला. हा गडी आधी सनदी नोकरीत होता, ती सोडून आलेला. ढोल-बिगुल वाजवत रस्त्यावर निघाला तेव्हा पोलिसांनी मिरवणुकांना बंदी केली, त्याने ती मोडली आणि तुरुंगात गेला. गोऱ्या माणसाने फकीर सिंग नाव घेऊन भगव्या कपड्यात अनवाणी हिंडावं, हे सरकारला धर्मप्रसारापेक्षा जास्त झोंबलं असावं.

पण खरं संजीवन मुंबईत घडलं नाही. त्याचं बी मात्र गिरगावातलं. 11 मार्च 1889 ला पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेलं, मग दुष्काळातल्या शेकडो मुली पोटाशी धरून रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं. वेल्समध्ये 1904 मध्ये मोठी जागृती सुरू झाली होती. तशीच इथे व्हावी म्हणून जानेवारी 1905 पासून पहाटे प्रार्थना सुरू झाली. आरंभी सत्तरेक जणी होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या.

29 जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, एक मोठी मुलगी धावत मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंकडे गेली. एका मुलीवर पवित्र आत्म्याचा अग्नी उतरलाय म्हणाली. तिने तो डोळ्यांनी पाहिला होता आणि विझवायला पाण्याची बादली उचलून आणली होती. ओतणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं की मुलगी जळत नाहीये. मला या सगळ्या प्रकरणात ती बादलीच सर्वांत विश्वासार्ह वाटते. रचून सांगणाऱ्याला बादली सुचत नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई शिकवत असताना मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. शिकवणं थांबवावं लागलं. शेकडो जणी एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करतायत, कुणी कुणाची पाळी बघत नाही, हे दृश्य काही गोऱ्या पाहुण्यांना अगदीच सोसलं नाही. त्यांनी गोंगाट म्हणून नाकं मुरडली. संस्कृतात ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या रमाबाईंनी या अर्धशिक्षित मुलींची पाठराखण केली. भारतातल्या माणसाने आपल्या पद्धतीने रडावं, हसावं, देवाला हाका माराव्यात, त्याला पाश्चात्त्य शिस्तीचा साचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळात कणगी रिकामी झाल्यावर टाकलेल्या पोरी, बालविधवा टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगत हिंडल्या.

लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटवरची जागृती, जिथून पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगायला सुरुवात होते, ती 1906 ची. केडगाव तिच्या आदल्या वर्षीचं. एब्रम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या व्हॅलपरायसोला त्यांच्या मैत्रिणीच्या, मे हूव्हर यांच्या, हाती पडली. 1909 मध्ये तिथे जे पेटलं त्यातून चिलीचं पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. दौंडच्या अलीकडच्या एका स्टेशनाचा हा पराक्रम आमच्या पाठ्यपुस्तकांत तळटीपेपुरता येतो!

मुक्या तोंडांना बोलतं करायचं हेच काम रेव्हरंड ना. वा. टिळकांनी दुसऱ्या वाटेने केलं. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी भजन-कीर्तन घेऊन चर्चमध्ये शिरला. ऑर्गनच्या चालीत तोंड मिटून उभा राहणारा खेडवळ ख्रिस्ती माणूस टाळ हातात आल्यावर गाऊ लागला. तेव्हाही नाकं मुरडली गेली. आज तीच भजनं आमची 'पारंपरिक' उपासना झाली आहेत, आणि त्यांच्या नावाने आम्ही कीबोर्डवाल्यांना नावं ठेवतो.

आता गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि घराघरांतला पगार थांबला. संपामुळे लोक फेलोशिपकडे वळले, असं सोपं विधान मी करणार नाही. संपाने उद्ध्वस्त झालेली लाखभर घरं आपापल्या विठोबाला, गणपतीला आणि बाबासाहेबांना धरून राहिली. पण दारुड्या नवऱ्याला आणि सावकाराला एकटीने तोंड देणाऱ्या काही बायका त्या दशकात कॉटेज मीटिंगमध्ये आल्या, हे मी ऐकलेल्या साक्षींवरून सांगू शकतो. दहा बाय बाराची खोली, कॉटवर सहा, खाली सतरंजीवर पंधरा, दाराबाहेर चपलांचा ढीग. स्टीलच्या कपाटाला टेकून उभी राहिलेली एखादी काकू सांगते, "प्रभूनं माझं बीपी बरं केलं, पण मालकांची दारू अजून आहे. प्रार्थना करा." सगळ्या एकदम सुरू होतात. शेजारची हिंदू वहिनीही येऊन बसलेली असते, तिच्या मुलाची बारावी आहे. सभा संपली की चहा. गणपतीत त्याच वहिनीकडून मोदक येतात, नाताळात इकडून करंज्या जातात. धर्मांतरासाठी आमिष-आमिष म्हणून जे ओरडतात त्यांनी या चहाची किंमत एकदा काढावी. मात्र आजार बरा होण्याची हमी देणारे, औषधं बंद करायला सांगणारे उपदेशकही या गल्ल्यांत फिरतात, आणि त्यांच्याविषयी माझं मत पोलिसांपेक्षा मवाळ नाही.

माझी खरी तक्रार पुढची आहे. खोली पुरेनाशी झाली की फेलोशिप हॉल घेते. हॉल आला की स्टेज, पडदा, साउंड सिस्टिम येते. पास्टर कोट घालतो, पुढच्या रांगेत त्याचा मुलगा गिटार घेऊन तयार होत असतो, गादीही बहुधा त्याचीच. काकू खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिची साक्ष आता आधी लिहून घेतात, दोन मिनिटांत बसवतात, आणि बरं झालेलं बीपी तेवढं ठेवून मालकांची दारू गाळतात. हजेरी वाढलेली असते, पोस्टरवर 'महासंजीवन' छापलेलं असतं. माझ्या कसोटीने मात्र ती मंडळी विल्सनसाहेबांच्या काळात परत गेलेली असते. काकूने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. शुक्रवारी दुपारी, पास्टर नोकरीवर असताना, बायका पुन्हा त्याच खोलीत जमतात.