खांद्यात साठलेलं

मारेडपल्लीत अजून फटफटलंही नव्हतं. गच्चीवर सतरंजी अंथरली. त्रिकोणासनात उभी असताना डाव्या खांद्याकडे लक्ष गेलं. तो पार कानाकडे चढलेला, दातही आवळलेले. कालचं ऑफिसातल्या एका सहकारी बाईंचं बोलणं मी विसरले असं समजत होते, पण खांद्यानं ते जपून ठेवलं होतं. दोन-चार श्वास सावकाश सोडले, तसा तो खाली उतरला आणि घशात एकदम दाटून आलं. म्हणजे राग नव्हताच तो, वाईट वाटलं होतं मला.

हे असं थांबून बघता येतं ते योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांमुळे. ते १९३७ साली पुण्यात आले, ते लहानपणीच्या दुखण्यांशी झगडलेलं शरीर घेऊन. पुढे त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर आसनांच्या मदतीला आणले. त्यामुळे माझ्यासारख्या ताठर माणसाचाही हात ठोकळ्यावर टेकतो आणि आत बघायला उसंत मिळते. किती मोठे उपकार हे! पतंजलींनी तर योगसूत्रांत आसनाच्या आधी यम-नियम सांगितले, त्यांत पहिली अहिंसा. मी ती स्वतःच्या गुडघ्यांपासून सुरू केली आहे.

मन रिकामं होत नाही. राग आजही येतो, पण आता येताना दिसतो. दुपारी त्या सहकारी बाईंशी बोलायचं ठरवलंय, चहाच्या वेळेला.