तीन मिनिटांचे खाँसाहेब

थोरांचे तरुणपण आपल्याला फारसे सोसत नाही. एक ज्ञानेश्वर सोडले, तर बाकीच्या सगळ्या थोर माणसांचे केस आपण मनातल्या मनात पांढरे करून ठेवले आहेत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. एखाद्या मोठ्या कवीची उमेदवारीच्या काळातली कविता वर्गात वाचली, की मुले अवघडतात. आजोबांचा अर्ध्या चड्डीतला फोटो कुणी अचानक समोर धरावा, तसे त्यांना होते.

यंदा पावसाळ्यात तीच पाळी आमच्या घरावर आली. सांगलीच्या एका स्नेह्याने खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवरून नव्याने तयार केलेली सीडी मला दिली. मी ती साताऱ्याला घेऊन आलो आणि रविवारी दुपारी सगळ्यांच्या देखत लावली. सुरुवातीला नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक तरुण, चढा, कमालीचा घाईचा आवाज उसळून आला. तानांमागून ताना! गाडी सुटायला आली आहे आणि सामान अजून फलाटावरच आहे, अशी ती गडबड. धाकटी कन्या म्हणाली, ''बाबा, यांच्या मागे कोण लागलंय?''

मागे लागले होते ते यंत्र. गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्याला आला आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झाले. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०४-०५ च्या. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बत्तीस-तेहतीस. मायक्रोफोन नव्हताच, विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ साली आले. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढणार आणि तीन-साडेतीन मिनिटांत मेण संपणार. रात्र रात्र गाणाऱ्या माणसाला राग तेवढ्यात आटपायचा होता!

आमच्या दादांना मात्र हे पटेना. दादा ऐंशीच्या पुढचे. ते वाढले मिरजेत, आणि आजोबांच्या ग्रामोफोनवर त्यांनी ऐकले ते १९३४-३५ साली ओडियन कंपनीने मुद्रित केलेले, साठी ओलांडलेले खाँसाहेब. झिंझोटीतली ती ठुमरी, रेशमाचा धागा ओढावा तसा तो बारीक, आर्त सूर. ''हे आमचे खाँसाहेब नव्हेत,'' दादा म्हणाले. ''तबकडी जलद फिरवली असणार.'' शंका अगदीच गैर नव्हती. त्या काळी तबकड्यांच्या वेगाचा नेम नसे, आणि वेग शेकडा सहाने वाढला तर आवाज अर्ध्या स्वराने चढतो. पण तबकडी कितीही फिरवा, षड्ज सरकला तर बाकीचे स्वरही त्याच प्रमाणात सरकतात. दोन स्वरांमधले नाते ढळत नाही. म्हणजे सगळा दोष यंत्रावर घालता येईना. ती घाई थोडी मेणाची होती आणि थोडी वयाचीही होती.

मग त्या दोन आवाजांच्या मधल्या तीस वर्षांत घडले तरी काय? त्याचा काही भाग आमच्याच मुलखात घडला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचा हिशेब मांडत होते, आणि त्यांच्या मोजणीसाठी गळा होता खाँसाहेबांचा. देवलांचे पुस्तक १९१० साली निघाले. १९११ मध्ये क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाला बरोबर घेऊन साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. श्रुतींची पेटीसुद्धा विलायतेहून तयार होऊन आली. पेटीचे पुढे फारसे काही झाले नाही; पण स्वराचा केसाएवढा फरक कानाने निवडण्याचा हा उद्योग खाँसाहेबांनी आयुष्यभर केला. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, शिष्य घडवले, आणि पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. जलद तानेपेक्षा एका स्वरावर थांबणे अवघड असते, हे कळायला माणसाला वेळ लागतो.

हे सगळे मी दादांना वर्गात सांगावे तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर म्हणाले, ''ती मघाची पुन्हा लाव.'' पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदाही ऐकली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ''बाविसाव्या वर्षी मी गाणं सोडलं, ठाऊक आहे ना तुला? ओडियनची तबकडी लावायचो, मग स्वतःचा आवाज ऐकायचो, आणि लाज वाटायची. बासष्ट वर्षांच्या माणसाशी मी बरोबरी करत होतो. बत्तीस वर्षांचा हा माणूस तेव्हा कुणी मला ऐकवला असता, तर...''

वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मीही केले नाही.

पूर्वसूरींची कच्ची कामे पुन्हा बाहेर काढणे म्हणजे त्यांची अब्रू काढणे, असे पुष्कळांना वाटते. मला आता तसे वाटत नाही. कळस पाहून माणूस हात जोडतो; पायऱ्या दिसल्या, तरच तो चढायला लागतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेच्या दर्ग्यात ते विसावले आहेत आणि तिथल्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात. येत्या उरुसाला दादांना घेऊन जायचे ठरले आहे. दरम्यान कन्येच्या गाण्याच्या शिकवणीला ते शेजारी बसू लागले आहेत. ती बेसूर झाली, तरी तिला मध्येच थांबवत नाहीत.